लाल बसवरचे ३५ कोटी पौंड

२०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमताआधी, म्हणजे युरोपीय महासंघातून बाहेर पडायचं का यावरच्या मतदानाआधी, ब्रिटनभर बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचाराची एक लाल बस फिरली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर होता: आपण युरोपीय महासंघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊया. हा आकडा आजही आपल्याकडच्या चर्चांमध्ये बिनदिक्कत सांगितला जातो. तो चुकीचा आहे.

एवढे पैसे ब्रिटनने कधी पाठवलेच नाहीत. तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून वर्गणीत मोठी सूट मिळवली होती. ही रक्कम आधी भरून मग परत मिळत नव्हती, ती आधीच वजा व्हायची. त्यामुळे २०१६ साली प्रत्यक्ष गेले सुमारे १३ अब्ज, म्हणजे आठवड्याला २५ कोटी पौंड. त्यातलेही सुमारे साडेचार अब्ज शेतकऱ्यांची अनुदानं आणि मागास भागांतली कामं यांसाठी परत आले. हातचे गेले आठवड्याला साडेसोळा कोटींच्या आसपास. बसवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी!

ही रक्कमही लहान नाही, हे मान्य. स्वतःचे कायदे स्वतः करायचे, स्थलांतरावर आपलं नियंत्रण हवं, हे बाहेर पडण्याच्या बाजूचे मुद्दे खरे होते आणि त्यांवर वाद व्हायलाच हवा होता. पण सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने मतदानाआधीच हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला होता. तरी बसवरची अक्षरं बदलली नाहीत, याचा मला आजही राग येतो. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मतं पडली.