जोडीदाराचे जुगाराचे व्यसन

पती, पत्नी किंवा सहचर जुगाराच्या आहारी गेला की घरातल्या दुसऱ्या माणसाची होणारी आर्थिक व मानसिक ओढाताण, आणि त्यातून तगून राहण्याचे मार्ग, हा या नोंदीचा विषय आहे. खेळणारी स्त्रीही असू शकते. पुढे पुल्लिंग वापरले आहे ते केवळ सोयीसाठी.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये प्रथम आला, तेव्हा तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत मोडत असे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याची जागा दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी आली. बारा महिन्यांत नऊपैकी किमान चार लक्षणे दिसली तर निदान होते. त्यांतली तीन बहुधा दुसऱ्या माणसावाचून पुरी होत नाहीत: किती खेळतो ते लपवण्यासाठी खोटे बोलणे, जवळची नाती धोक्यात घालणे, आणि हात रिकामे झाले की दुसऱ्याच्या पैशावर विसंबणे. जोडीदार या आजाराच्या व्याख्येतच बसलेला असतो, तोही त्याला न विचारता.

दारूला वास असतो, जुगाराला नसतो. म्हणून घरात वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही आणि लागतो तो बहुधा तिऱ्हाइताकडून: वसुलीचा फोन येतो, हप्ता परत जातो, मुदत ठेव मोडलेली निघते. मग बँकेचे स्टेटमेंट नीट वाचले जाते. मध्यरात्रीनंतरच्या नोंदी, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने, त्याच खात्याकडे गेलेल्या, दर वेळी आधीपेक्षा मोठी रक्कम. आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी अशा नोंदींची रांग. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावत जाण्याची ही खूण आहे. पहिल्या कबुलीतला कर्जाचा आकडा पुरा असेलच असे धरू नये. लाजेपोटी एखाददुसरे देणे मागे ठेवले जाते, आणि तेच पुढे सर्वांत महागात पडते. दोघांच्याही नावांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे बँका-वित्तसंस्थांकडच्या कर्जांच्या नोंदी, काढून पाहणे हे त्यावरचे रूक्ष पण बरेचसे खात्रीचे उत्तर.

इथे बहुतेक घरे एकच चूक करतात, आणि ती प्रेमापोटी करतात: बचत मोडून किंवा माहेर-सासरकडून उसने घेऊन सगळे कर्ज एका दमात फेडतात. घराला वाटते, पाटी कोरी झाली. खेळणाऱ्याच्या लेखी मात्र हा डाव जिंकल्यासारखाच असतो. डोक्यावरचे ओझे उतरते आणि पत पुन्हा उभी राहते. त्या वेळी घेतलेली मुलांची शपथ खोटी असते असे नाही. शपथ घेताना तो मनापासून घेतो. पण बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसला की सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून कधीच दिसले आहे. जुगाराचा सारा डोलारा त्याच बेभरवशावर उभा असतो. उलट, एखादा मोठा डाव लागला तर घरातले सैलावतात. तो दिवस हरण्याच्या दिवसाहून धोक्याचा.

१९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या गॅम्ब्लर्स अनॉनिमस या स्वमदत संघटनेत कर्जफेडीसाठी एक बैठक असते. अनुभवी सभासद खेळणारा आणि त्याचा जोडीदार यांच्यासोबत बसून प्रत्येक देणे कागदावर मांडतात, आधी घरखर्च बाजूला काढतात आणि उरलेल्यातून लहान हप्ते बांधतात. फेड वर्षानुवर्षे चालते. चालावी अशीच अपेक्षा असते. पैशाचा ताबा या काळात जोडीदाराकडे असतो: पगार जोडीदाराच्या हाती, कार्डे बंद, खर्चाला मोजकी रोकड आणि तिच्या पावत्या. जामीन म्हणून कुठेही सही करायची नाही. जोडीदाराच्या कर्जाची जबाबदारी आपल्यावर किती येते हे देशागणिक बदलते, त्यामुळे या टप्प्यावर वकिलाची एक भेट नातेवाइकांच्या दहा सल्ल्यांपेक्षा उपयोगी. खेळण्याच्या ठिकाणी स्वतःलाच प्रवेशबंदी करून घेणे आणि फोनवर अडथळा घालणारे सॉफ्टवेअर बसवणे हेही उपाय आहेत, पण चावी कोणाकडे हा प्रश्न उरतोच.

खिसे तपासणे, पासवर्ड फोडणे, आंघोळीला गेला की फोन पाहणे, हे करता करता जोडीदाराचा दिवसही जुगाराभोवतीच फिरू लागतो. व्यसनी माणसाच्या बायकोतच काही खोट असावी, असे सुचवणारे लिखाण दारूच्या संदर्भात एके काळी बरेच झाले. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड, ॲलेक्स कोपेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दृष्टी उलटवली: ही साधी माणसे असून ती बिकट परिस्थितीत सापडली आहेत. सोसणे, ठामपणे उभे राहणे आणि अंतर ठेवणे, असे वागण्याचे तीन ढंग त्यांना दिसले. एकच माणूस आठवड्यात तिन्ही करतो, आणि त्यात विसंगत काही नाही. जोडीदाराला स्वतःसाठी मदत मिळाली पाहिजे, खेळणारा उपचार घेवो न घेवो, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. जुगाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीची गॅम-ॲनॉन ही संघटना १९६० पासून हेच करते आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स यांची पद्धत मात्र जोडीदाराकरवी खेळणाऱ्याला उपचाराकडे वळवू पाहते: तो न खेळलेली संध्याकाळ गोड करायची, खेळल्याचे परिणाम झाकायचे नाहीत आणि बोलणे शांत घडीला करायचे. जुगारात तिचे यश दारूइतके ठळक दिसलेले नाही.

कंपवातावरची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे सुरू झाल्यावर काहींना जुगाराची ओढ लागते. बदल बहुधा आधी घरच्यांच्याच लक्षात येतो. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे.

दोन बाबतींत मात्र थांबून चालत नाही. उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात आणि सुमारे १७ टक्क्यांनी प्रयत्न केलेला असतो, असे वर उल्लेखिलेली पाचवी आवृत्ती सांगते. कर्ज उघडे पडल्यानंतरचे दिवस विशेष जपावे लागतात. "मी गेलो तर विम्यातून सगळं फिटेल" हे वाक्य हिशेबासारखे बोलले गेले तरी ते हिशेब म्हणून ऐकू नये. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. दुसरी बाब मारहाणीची. जिथे तिची भीती आहे तिथे पैसे रोखण्याआधी सुरक्षित जागा ठरवावी लागते, आणि वेगळे होणे हाही तिथे उपायच असतो.

खेळणे थांबले तरी विश्वास त्या वेगाने परतत नाही. वर्षभर एकही डाव न लावलेल्या माणसाचा फोन रात्री उजळला की शेजारची व्यक्ती जागी होते. पुन्हा घसरणे या आजारात नवलाचे नसल्याने, काही घरांत कार्डे आणि पासवर्ड पुढेही जोडीदाराकडेच राहतात, पुष्कळदा खेळणाऱ्याच्याच आग्रहाने.