निखळलेल्या खांद्याचे वेदनाशमन

दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या खोबणीतून सरकला, की दुखण्याने भोवतालचे स्नायू आखडतात आणि आखडलेले स्नायू माथ्याला परत फिरू देत नाहीत. वेदना शमली की स्नायू सैल पडतात, आणि सैल खांदा फार जोर न लावता बसतो. दुखत असताना हात ओढत राहिल्यास हाड मोडण्याची किंवा नस दुखावण्याची भीती असते. वेदनाशमनाची निवड चार गोष्टींवर ठरते : रुग्णाने काय व केव्हा खाल्ले आहे, सोबत आणखी कुठे मार आहे का, खांदा निखळून किती वेळ झाला, आणि श्वासावर लक्ष ठेवायला दुसरा प्रशिक्षित माणूस हजर आहे का.

बडोद्यात हे प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखे समोर येतात. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या आखाड्यांमुळे कुस्ती आणि मल्लखांब इथल्या मराठी घरांत रुजले; अशा खेळांत खांदा निखळणे नवे नाही. उत्तरायणाला, १४ व १५ जानेवारीला, पतंगाच्या नादात गच्चीवरून पडणारे असतात. त्यांचे पोट उंधियू-जिलेबीने भरलेले असते, त्यामुळे गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. शिवाय उंचावरून पडलेल्याची बरगडी मोडून छातीत हवा साठलेली असू शकते. अशा वेळी दुखणे कमी करायला हुंगवतात ते नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजनचे निम्मेनिम्मे मिश्रण देऊ नये, कारण नायट्रस ऑक्साइड त्या पोकळीत शिरून तिला फुगवतो.

पहिले काम औषधाच्याही आधीचे. हात रुग्णाला सोसवेल त्या स्थितीत उशीने टेकवावा, अंगठी-कडे काढावे, मनगटाची नाडी पाहावी आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूची, डेल्टॉइड या खांद्याच्या स्नायूवरची, संवेदना तपासून नोंदवावी. बधिर केल्यानंतर ही तपासणी विश्वासाची राहत नाही. शिरेतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल १५ मिनिटांत देता येते. दुखणे जास्त असेल तर फेंटानिल, दर किलो वजनाला १ मायक्रोग्रॅम, हळूहळू द्यावे. ट्रामाडॉल सर्रास दिले जाते, पण झटका (आकडी, फिट) येऊन खांदा निखळला असेल तर ते टाळावे. त्याने पुन्हा झटका येऊ शकतो. खांदा मागच्या बाजूला निखळला असेल तर झटका किंवा विजेचा धक्का यांची चौकशी मुद्दाम करावी.

भरल्या पोटाच्या रुग्णासाठी सांध्यात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देणे ही पद्धत सर्वांत सोयीची, आणि ती आज होते त्याहून जास्त वापरली जावी. २ टक्के लिग्नोकेनचे १० मिलि आणि नॉर्मल सलाईनचे १० मिलि मिसळले की १ टक्क्याचे २० मिलि, म्हणजे २०० मिलिग्रॅम औषध होते. सावध मर्यादा दर किलोला ३ मिलिग्रॅम धरली तर ५० किलोच्या माणसाला १५ मिलिच पुरेत. त्वचा निर्जंतुक करून, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली सुमारे २ सेंटिमीटरवर, माथा सरकल्याने जिथे खळगा पडलेला असतो तिथे २० गेजची दीड इंची सुई आत व किंचित खाली वळवून घालतात. सांधा नुकताच निखळला असेल तर सिरिंज ओढताच गडद रक्त येते. ते येणे चांगले. सुई सांध्यात असल्याचा तो आधार आहे. ते काढून घ्यावे आणि मग औषध हळू सोडावे. औषध जाताना जोर लागला तर सुई स्नायूत आहे असे समजून जागा बदलावी.

त्यानंतर १५ ते २० मिनिटे थांबायचे. ही पद्धत फसते ती बहुधा इथेच : गर्दीत पाचव्या मिनिटाला हात ओढला जातो आणि 'इंजेक्शन लागू पडले नाही' असे म्हणून गुंगी दिली जाते. निखळून बरेच तास झाले असतील तर मात्र परिणाम खरोखरच कमी मिळतो. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, शिरेतून औषधे देणे आणि सांध्यात लिग्नोकेन देणे यांत खांदा बसण्याच्या यशात फरक आढळला नाही.

गुंगी द्यावीच लागली, तर खांदा बसवणारा वेगळा आणि श्वास पाहणारा वेगळा हवा. ऑक्सिजन, सक्शन (घशातले स्राव ओढून काढणारे यंत्र), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी असावी; ईसीजी, रक्तदाब व ऑक्सिजनची पातळी सतत दिसावी. गुंगीसाठी प्रोपोफोल ०.५ ते १ मिलिग्रॅम दर किलोला देतात. स्नायू छान सैल होतात, पण रक्तदाब उतरतो, श्वास थांबू शकतो, आणि त्यात वेदनाशामक गुण नाही. केटामाइन १ मिलिग्रॅम दर किलोला, निदान एका मिनिटात, दिल्यास श्वास बहुधा टिकतो. मात्र स्नायूंचा ताण ते सोडवत नाही, त्यामुळे पिळदार पहिलवानाला एकटे केटामाइन अपुरे पडू शकते. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा परिणाम पूर्ण दिसायला ३ ते ५ मिनिटे लागतात. तेवढा धीर न धरता पुढचा डोस दिला की गुंगी हवी त्यापेक्षा खोल जाते.

सर्वांत धोक्याची वेळ खांदा 'खट्ट' करून बसल्यानंतरची. दुखणे रुग्णाला जागे ठेवत होते. ते एकदम संपते आणि औषध मात्र अंगात असते, मग श्वास मंदावतो. त्या क्षणी सगळे जण एक्स-रेच्या घाईत असतात, म्हणून श्वास पाहणाऱ्याने खाटेजवळून हलू नये. फेंटानिल दिले असेल तर त्याचा उतारा, नॅलॉक्सोन, भरून ठेवावे.

मानेतल्या नसांभोवती सोनोग्राफीच्या साहाय्याने भूल देता येते, पण त्याने त्या बाजूचे श्वासपटल (छातीखालचा, श्वास घेण्याचा स्नायू) बहुधा काही तास लुळे पडते. दमेकऱ्याला आणि फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाला ती देऊ नये.

घरी सोडताना हात झोळीत असावा. पॅरासिटामॉल दर ६ तासांनी द्यावे. मूत्रपिंड व जठर ठीक असेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन. गुंगी घेतलेल्याने २४ तास स्कूटर चालवू नये. खांदा बसूनही तीव्र दुखणे चालू राहिले, किंवा हात गार वा बधिर पडला, तर गोळ्या न वाढवता पुन्हा एक्स-रे काढावा आणि नाडी पाहावी : हाड मोडलेले, रक्तवाहिनी दुखावलेली किंवा सांधा अजून बाहेरच असू शकतो.