अतिवास्तव कथेतील प्रतीक आणि सुखाचा शोध

स्वप्नाच्या तर्काने चालणारी, पण स्वप्न म्हणून न सांगितलेली लघुकथा म्हणजे अतिवास्तव कथा. अशक्य घटना तीत नित्याच्या व्यवहारासारखी सांगितली जाते आणि पात्रांनाही तिचे नवल वाटत नाही. वस्तू, प्राणी, घरे प्रतीकासारखी वावरतात, मात्र त्यांचा एकच एक अर्थ लागत नाही. सुखाचा शोध हे या कथेत वारंवार येणारे सूत्र आहे.

‘अतिवास्तववाद’ (सुर्रेआलिस्म) या मूळ फ्रेंच संज्ञेच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच कवी गियोम आपॉलिनेर याने ती १९१७ मध्ये एका बॅलेच्या परिचयपत्रकात आणि पाठोपाठ स्वतःच्या नाटकाच्या उपशीर्षकात वापरली. त्याच्या मनात स्वप्न किंवा अबोध मन नव्हते. माणसाला चालण्याची नक्कल करायची होती तेव्हा त्याने चाक शोधले आणि चाक काही पायासारखे दिसत नाही, असा त्याचा दाखला होता. पुढे ऑक्टोबर १९२४ मध्ये ईव्हान गोल आणि आंद्रे ब्रताँ या कवींचे अतिवास्तववादाचे दोन जाहीरनामे काही दिवसांच्या अंतराने निघाले. गोलची मांडणी आपॉलिनेरला जवळची होती. रूढ झाली ती ब्रताँची. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या आधाराने त्याने बुद्धीचे नियंत्रण झुगारणाऱ्या स्वयंचलित लेखनाला केंद्रस्थान दिले. कवी फिलिप सूपोबरोबर त्याने १९१९ मध्येच असे लेखन करून पाहिले होते. कथेपुरते पाहता आपॉलिनेरचा दाखलाच अधिक उपयोगी पडतो. स्वयंचलित लेखनातून विलक्षण प्रतिमा मिळतात, पण कथा रचावी लागते.

प्रतीकाच्या स्वरूपाविषयीचा वादही येथूनच निघतो. कवी झां मोरेआसने १८८६ मध्ये जाहीरनामा काढलेल्या प्रतीकवादात मूर्त वस्तू अमूर्त कल्पनेकडे बोट दाखवते. फ्रॉइडच्या मते स्वप्न ही दडपलेल्या इच्छेची वेशांतर केलेली पूर्ती असते. हे मत कथेला जसेच्या तसे लावले, की प्रत्येक प्रतिमा हे हुकलेल्या सुखाचे कोडे ठरते आणि ते सोडवले की कथा संपते. चांगल्या अतिवास्तव कथा या पद्धतीला दाद देत नाहीत.

अर्जेंटिनाचा लेखक हूलिओ कोर्तासारची ‘बळकावलेले घर’ (१९४६) ही कथा हे याचे ठळक उदाहरण. प्रशस्त वडिलोपार्जित घरात बहीण-भाऊ शांतपणे राहतात. बहीण दिवसभर विणत असते. अज्ञात कोणीतरी घराचा एकेक भाग ताब्यात घेते. दोघे दार लावून उरलेल्या भागात राहू लागतात आणि तिथेही बरे चालले आहे, असे भाऊ सांगतो. अखेर बाहेर पडावे लागते, तेव्हा लोकरीचे गोळे दारापलीकडे राहिलेले पाहून बहीण हातातले विणकाम न बघताच खाली टाकते. काहींनी या कथेत अर्जेंटिनातील पेरोनवादाचे, म्हणजे हुआन पेरोनच्या राजकारणाचे, रूपक पाहिले. कोर्तासारने कथेचे मूळ आपल्या एका दुःस्वप्नात असल्याचे सांगितले, पण राजकीय वाचन अशक्य मानले नाही. दोन्ही वाचनांत न मावणारी गोष्ट म्हणजे ते विणकाम. जागा आक्रसत जाते तसे सुखही आक्रसते, तरी ते सुखच वाटत राहते. ही जाणीव त्या लोकरीतून पोचते.

काफ्काची उपासकऱ्या कलावंताची कथा (१९२२) ब्रताँच्या जाहीरनाम्याआधीची असल्याने काटेकोरपणे अतिवास्तववादी चळवळीत बसत नाही, तरी या परंपरेत ती वाचली जाते. आपल्याला रुचेल असे अन्न सापडलेच नाही, म्हणून उपास केला, अशी कबुली कलावंत मरताना देतो. त्याच्या पिंजऱ्यात पुढे बिबट्या येतो. त्याला आवडीचे अन्न मिळते आणि स्वातंत्र्य जणू त्याच्या जबड्यातच असते. लिओनोरा कॅरिंग्टनच्या कथेत मेजवानीचा कंटाळा असलेली मुलगी आपल्या जागी तरसाला पाठवते.

मराठीत अतिवास्तवाची छाया प्रथम बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितेत दिसते, असे सामान्यतः मानले जाते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधील शोधयात्रांना रूपककथा म्हणणे अधिक योग्य. विलास सारंग यांचा ‘सोलेदाद’ (१९७५) हा संग्रह अतिवास्तव कथेला अधिक जवळचा आहे.