रक्तप्रवाहातील जंतुसंसर्ग : बालके व किशोरवयीन मुले

जीवाणू किंवा कवके रक्तात शिरून वाढल्याने होणारा गंभीर विकार. त्यातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) उद्भवू शकते. मात्र सेप्सिसच्या प्रत्येक रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) जंतू वाढतोच असे नाही. तान्ह्या मुलांचे रक्त थोडेच काढले जाते, त्यामुळेही तो हुकतो.

कारक जंतू वयाप्रमाणे बदलतात. नवजात अर्भकांत ब-गट स्ट्रेप्टोकॉकस व ई. कोलाय, पुढे न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि साथप्रवण भागांत टायफॉइडचे जंतू प्रामुख्याने आढळतात. मेनिंगोकॉकस तान्हेपणी जोर धरतो व किशोरवयात पुन्हा डोके वर काढतो. घसादुखीनंतर मानेतील नीलेत गुठळी होऊन फ्यूजोबॅक्टेरियम हा जीवाणू रक्तात पसरण्याचा विकार किशोर व तरुणांत दिसतो. आंद्रे लमिएर यांनी १९३६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, तरी तुरळक नोंदी त्याआधीच्याही आहेत.

रुग्णालयात सर्वांत मोठा धोका सेंट्रल लाइनचा, म्हणजे मोठ्या नीलेत ठेवलेल्या नळीचा. या लाइनवरील जंतू येतात कोठून, याविषयी मतभेद आहेत. एक मत त्वचेकडे बोट दाखवते : नळी जेथून आत जाते तेथील जंतू तिच्या बाहेरच्या अंगाने खाली सरकतात. दुसऱ्या मतानुसार नळीचे तोंड वरचेवर हाताळल्याने ते आतल्या पोकळीतून शिरतात. अल्पकाळ ठेवलेल्या नळीला पहिले व दीर्घकाळच्या नळीला दुसरे स्पष्टीकरण अधिक लागू पडते, असे दिसते. तिसरा पक्ष आतड्याचा आहे. केमोथेरपीने श्लेष्मल पटल (आतड्याचे आतले अस्तर) सोलवटते आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घन मिमी.मागे ५०० च्या खाली जातात, तेव्हा आतड्यातील जंतू थेट रक्तात उतरतात. अशा मुलांत दोष नळीला देणे घाईचे ठरते. नळीतून व बाहेरच्या नीलेतून एकाच वेळी सारख्याच प्रमाणात रक्त घेतल्यास नळीतील नमुन्यात जंतू किमान दोन तास आधी वाढणे हा नळीविरुद्धचा पुरावा मानतात. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस कल्चरच्या एकाच बाटलीत वाढले, तर बहुधा ते नमुना घेतानाचे दूषण असते.

प्लीहा नसणे किंवा सिकलसेलमुळे (लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक विकारामुळे) ती निकामी होणे, नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीवाटे प्रथिने वाया जाणारा मूत्रपिंडविकार), भाजणे, कांजिण्या, तीव्र कुपोषण आणि शिरेवाटे पोषण चालू असलेले आखूड आतडे या अवस्थांतही धोका वाढतो. पूरक प्रथिनांच्या (जंतूंचा नाश करण्यास मदत करणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या) शेवटच्या साखळीत उणीव असलेल्या मुलांना मेनिंगोकॉकसचा संसर्ग वारंवार होतो. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसचा धोका बराच घटतो, हे १९८६ मधील चाचणीत दिसून आले.