अकरावीचा अर्ज: शाखा मिळते, विषय मिळतीलच असं नाही

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती होती. 2025-26 पासून ती अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाली. दहावी पास झालेला कुठल्याही मान्यताप्राप्त मंडळाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, आरक्षण आणि कागदपत्रं, भाग दोनमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. एवढं भरायला अर्धा तास पुरतो. माणसं अडतात ती पुढे.

पहिला घोळ विषयांचा. भाग दोनमध्ये तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता. त्यात गणित, जीवशास्त्र किंवा बायफोकल (व्यावसायिक विषय) आहे की नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. विषय ठरतात कॉलेजात, प्रवेश घेताना, तिथल्या जागा पाहून. म्हणून पसंती भरण्याआधी कॉलेजात जाऊन सरळ विचारा, ‘सायन्सला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतं का? कॉमर्सला मॅथ्स आहे का?’ बऱ्याच कॉलेजांत कॉमर्सला गणिताची तुकडीच नसते. मुलगा तिथे एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेऊन बसतो आणि दोन वर्षांनी कळतं, की भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. या पदवीला बारावीचं गणित लागतं. सीएला मात्र ते लागत नाही, पाच वर्षांच्या लॉलाही नाही. तिथे कुठलीही शाखा चालते. एनडीएतही लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही हवेत. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, यांपैकी एक असलं तरी भागतं.

बायफोकलचं तर विचारूच नका. दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घेतला, की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. तो सुटलेला विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो. कॉम्प्युटर सायन्सच्या हौसेने बायोलॉजी सोडलेला एक मुलगा बारावीच्या दिवाळीत माझ्यासमोर नीटचं पुस्तक घेऊन बसला होता. नोव्हेंबर 2023 पासून बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं, म्हणून त्याची वाट बंद झाली नाही. पण एक वर्ष गेलंच.

आता कागदपत्रं. दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांकडे असतो. रडारड होते ती जातीच्या दाखल्यावर आणि नॉन-क्रिमी लेयरवर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्रावर. शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असते, तो जातीचा दाखला नव्हे. दरवर्षी निदान चारजण तोच अपलोड करतात. खरा दाखला प्रांताच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) सहीचा असतो. आणि तो काढायला ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. पंधरा वर्षांच्या पोराच्या घरात एवढा जुना कागद कुठून असणार? तो आजोबांच्या शाळेत सापडतो, प्रवेश-निर्गम उताऱ्यात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मागा. पुरावा वडिलांच्या बाजूचाच हवा, आईकडचा घेऊन गेलात तर परत पाठवतील. या शोधाला महिने लागतात, म्हणून नववीतच सुरुवात करा.

नॉन-क्रिमी लेयरवर ‘31 मार्च’ अशी मुदत छापलेली असते, आणि प्रवेश सुरू होतात मे-जूनमध्ये. मुदत कोणत्या वर्षाची आहे, ते घरीच वाचा. काउंटरवर ‘साहेब, परवाच संपलीय’ म्हणून काही होत नाही. उत्पन्नाचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. जात पडताळणी मात्र अकरावीला लागत नाही, ती बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशांना लागते. कुणी आत्ता मागून घाबरवलं तर घाबरू नका.

शेवटचा सापळा पसंती क्रमांक एकचा. ‘घराजवळचं आहे, असू दे वर’ म्हणून नको असलेलं कॉलेज पहिलं टाकू नका. पहिली पसंती लागली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाची पसंती लागली तर थांबता येतं. गुणवत्ता यादी पाचशेपैकी गुणांवर, सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून लागते. त्यामुळे गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना टक्केवारीशी नव्हे, या पाचशेतल्या गुणांशी तुलना करा.

आणि लॉगिनमध्ये ‘प्रोसीड फॉर अ‍ॅडमिशन’ दाबलं म्हणजे प्रवेश झाला, असं समजून एक बाई लेकीला घेऊन गावी गेल्या होत्या. कॉलेजात मूळ कागद दाखवून, फी भरून, कॉलेजने त्यांच्या लॉगिनवरून नोंद केली की मगच तो होतो. त्या परत आल्या तेव्हा फेरी संपून दोन दिवस झाले होते.