एआय एजंटांची पुनर्वापरयोग्य कौशल्ये

भाषा-प्रारूपाच्या (मजकूर वाचून मजकूर रचणाऱ्या संगणकीय प्रारूपाच्या) आधारे एखादे काम टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या, त्यासाठी फाइली उघडणाऱ्या व प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीस एआय एजंट म्हणतात. वारंवार लागणारी कार्यपद्धती एकदाच लिहून ठेवावी आणि पुढे तसे काम आल्यावर एजंटाने ती आपण होऊन शोधून वापरावी, अशा व्यवस्थेतील प्रत्येक लिखित कार्यपद्धती म्हणजे कौशल्य होय. ते साधनाहून वेगळे असते. साधन एखादी क्रिया करून देते. ती केव्हा, कोणत्या क्रमाने व कोणती पथ्ये पाळून करायची, हे कौशल्य सांगते.

ही कल्पना भाषा-प्रारूपांपेक्षा जुनी आहे. सटन, प्रेकप व सिंग या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रबलन-अध्ययनात, म्हणजे बक्षिसांच्या आधारे यंत्राला शिकवण्याच्या पद्धतीत, मांडलेल्या ‘ऑप्शन’ या घटकात कृतिधोरणाबरोबरच (कोणत्या स्थितीत काय करायचे याच्या नियमाबरोबरच) ते कोठे सुरू करता येते व कोठे थांबवावे, याही अटी होत्या. २०२३ मध्ये ‘व्हॉयेजर’ या एजंटाने माइनक्राफ्ट खेळात साधलेल्या कृती प्रोग्रामच्या रूपात साठवल्या आणि नवे काम येताच वर्णनाच्या साम्यावरून त्यांतील जवळच्या पाच निवडून वापरल्या. अँथ्रोपिक कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेल्या व डिसेंबरात खुले मानक म्हणून जाहीर केलेल्या पद्धतीत प्रत्येक कौशल्याचे एक फोल्डर असून त्यात ‘स्किल.एमडी’ ही फाइल असते. आरंभी एजंटासमोर फक्त नाव व वर्णन येते. सविस्तर सूचना काम जुळल्यावर, आणि जोडलेले तक्ते व प्रोग्राम गरज पडल्यावरच उघडले जातात. प्रारूपाच्या संदर्भकक्षेची, म्हणजे ते एका वेळी विचारात घेऊ शकते त्या मजकुराची, मर्यादा हे याचे कारण होय.

म्हणून सगळी मदार वर्णनावर असते, आणि लिहिणारे नेमके तेच सर्वांत घाईने लिहितात. बडोद्यातील एखाद्या मराठी कुटुंबाने घरातील जुन्या मोडी व गुजराती कागदांची सूची एजंटाकडून करून घ्यायची ठरवली, असे समजू. त्यासाठीच्या कौशल्याचे वर्णन ‘जुन्या तारखा बदलणे’ एवढेच असेल, तर ते नको तेथे उघडेल आणि हवे तेथे कदाचित उघडणारही नाही. गुजरातेत विक्रम संवत सामान्यतः कार्तिकात बदलतो, ग्वाल्हेरकडे चैत्रात. त्यामुळे ‘संवत १९३२, श्रावण’ ही मिती बडोद्याच्या कागदावर असल्यास १८७६ साल निघते, तर ग्वाल्हेरच्या कागदावर १८७५. म्हणजे बडोद्यासाठी अचूक लिहिलेले कौशल्यही ग्वाल्हेरच्या नातलगांकडून आलेल्या कागदावर चैत्र ते आश्विन या महिन्यांत वर्षाने चुकेल, आणि निकाल वरकरणी निर्दोष दिसेल. ‘कार्तिकादी संवताच्या, गुजरातेतील कागदांसाठी, चैत्रादी संवतास लागू नाही’ अशी मर्यादा वर्णनातच घालावी लागते, कारण निवड होते त्या क्षणी एजंटाने आतला मजकूर वाचलेलाच नसतो.

योग्य कौशल्य उघडल्यावरही ते पाळले जाईलच, अशी खात्री नसते. इसवी सन काढण्यासाठी संवतातून सरसकट ५७ वजा करण्याची ढोबळ रीत प्रारूपाने प्रशिक्षणात पुष्कळदा पाहिलेली असल्याने महिना न तपासता तीच लावण्याकडे त्याचा कल असू शकतो. यावर सूचनेसोबत कारण लिहिणे आणि गणित छोट्या प्रोग्रामकडे सोपवणे हे उपाय केले जातात; प्रारूपाच्याच प्रशिक्षणात योग्य निवडीला व बरोबर निकालाला बक्षीस देणे हा तिसरा मार्ग. त्यात कोणतेच कौशल्य लागू नसलेली उदाहरणेही मिसळावी लागतात, नाहीतर एजंट दिसेल ते कौशल्य उघडत सुटतो.

चाचणीसाठी एकच काम कौशल्यासह व कौशल्याविना करवून घेतात. उत्तर अन्यत्र पक्के ठाऊक असलेली उदाहरणे तिला उत्तम. उदाहरणार्थ, जुन्या मोडी कागदांत आढळणारा शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात डिसेंबरअखेर ५९९ व त्यानंतर ६०० मिळवल्यास इसवी सन येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, शुहूर सन ११६१ मधली. प्रोग्रामने १७६० दिले, तर चूक कोठे आहे ते लगेच कळते. एजंटाने स्वतः लिहिलेल्या कौशल्यांना ही तपासणी अधिकच लागते, कारण त्यातील एक चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते. परक्याकडून घेतलेल्या कौशल्यात फाइली बाहेर पाठवणारा प्रोग्रामही दडलेला असू शकतो. तो चालवण्यापूर्वी माणसाने फोल्डर पूर्ण वाचणे आवश्यक मानले जाते.