दगडात कोरलेली सही

पत्र लिहून झालं की रोमन माणूस ते दोऱ्याने बांधायचा, वर मेण लावायचा आणि त्यात अंगठीचा खडा दाबायचा. खड्यावरचं चित्र मेणावर उठून यायचं. हीच त्याची सही. म्हणून चित्र खोलगट आणि उलटं कोरावं लागे: मेणावर भाला उजव्या हातात दिसायचा असेल, तर खड्यात तो डाव्या हातात.

सर्वांत जास्त वापर लालसर अकिकाचा. तांबड्या-पांढऱ्या थरांच्या सार्डोनिक्सबद्दल पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की शिक्का मारताना त्याला मेण चिकटत नाही. हे दोन्ही दगड सिलिकाचेच. खनिजांची कठीणता 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहच्या मापावर त्यांची कठीणता 7च्या आसपास, म्हणजे लोखंडापेक्षा जास्त. मग नखाएवढ्या खड्यावर घोड्याची आयाळ कोरली कशी? धनुकलीने गरगर फिरवायच्या बारीक लोखंडी टोकाला तेल आणि कुरुंद या त्याहून कठीण खनिजाची भुकटी लावत. लोखंड फक्त भुकटी फिरवी. दगड झिजवी ती भुकटी. भुकटीच्या चिखलाखाली चित्र दिसेनासं होई, आणि तरीही कारागिराची रेघ चुकत नसे. मला या हातांचं फार नवल वाटतं.

चित्र निवडण्यात माणूस दिसतो. रोमन सेनापती पॉम्पीच्या खड्यावर तलवार धरलेला सिंह होता. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याला आईच्या अंगठ्यांत स्फिंक्सचे, म्हणजे माणसाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्याचे, दोन हुबेहूब खडे सापडले. यादवी युद्धात तो दूर असताना दुसऱ्या खड्याने त्याचे मित्र त्याच्या नावाने शिक्का मारत. पुढे लोक स्फिंक्सवरून टोमणे मारू लागले, तेव्हा त्याने सिकंदराच्या मस्तकाचं चित्र घेतलं आणि शेवटी डायोस्कुरिडीस या कारागिराने कोरलेलं स्वतःचंच. त्याचा सल्लागार मिसिनस याच्या शिक्क्यावर बेडूक होता. तो दिसला की लोकांना धडकी भरे, कारण पत्र पैशांच्या वसुलीचं असे.

यातले काही दगड आपल्या मातीतले असू शकतात. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणहून ऑनिक्सचे, म्हणजे थरांच्या अकिकाचे, दगड गाड्यांतून, बिकट वाटांनी भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे, आणि तीही ‘भरपूर’ या शब्दात.

इंग्लंडमध्ये बाथ शहरातल्या रोमन स्नानगृहाच्या गटारात असे 34 कोरीव खडे सापडले. गरम पाण्याने आणि वाफेने अंगठीतला चिकटा सुटतो, आणि खडा अलगद पाण्याबरोबर निघून जातो.